बसल्या जागी चोरीला गेलेलं टेबल

१

"माझं टेबल चोरीला गेलंय," मिस्त्री म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी त्याच टेबलावर थाप मारली.

थाप चांगली दणदणीत होती. कपांतला चहा हिंदकळला. ज्या टेबलाभोवती बसून सगळे चहा पीत होते तेच टेबल चोरीला गेल्याची ही फिर्याद, पण कुणी हसलं नाही, आणि पॉलिशकाकूंनी हातातला कप खाली ठेवला. हसण्यासारख्या गोष्टीवर घरातली माणसं हसेनाशी झाली की काहीतरी बिनसलंय असं खुशाल समजावं.

काकू आठवडाभर बहिणीकडे राहून त्याच सकाळी परतल्या होत्या. मिस्त्रींनी फर्निचर करायचं आणि काकूंनी त्याला पॉलिश, हा दोघांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. या काळात दोघांनी एकमेकांचं काम तोंडावर कधी वाखाणलं नाही, आणि पाठीमागे कुणाला त्याला नावं ठेवू दिली नाहीत. आता मिस्त्रींची नजर अधू झाली होती. समोरचं माणूस त्यांना आकारावरून आणि आवाजावरून कळायचं. कारखाना त्यांचा लेक सांभाळायचा, सूनबाई शाळेत शिकवायच्या, आणि काकू जुन्या सवयीने रोज चहाला यायच्या.

त्या दिवशी टेबलाशी ताईही होत्या. ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली मुलगी, दुसऱ्या शहरात डॉक्टर. मिस्त्री नुकतेच दोन दिवस डोळ्यांच्या दवाखान्यात राहून आले, म्हणून त्या मुद्दाम रजा काढून आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी वडिलांना वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मिस्त्रींनी सगळं बिनचूक सांगितलं, वर साडेसात-साडेसात वजा करून दाखवले. आणि मग म्हणाले, हे टेबल माझं नाही.

चहा झाल्यावर ताई काकूंना गॅलरीत घेऊन गेल्या. मंगळवारपासून हेच चाललंय, त्या म्हणाल्या. या आजाराची सुरुवात अशीच होते. ओळखीच्या वस्तू परक्या वाटायला लागतात, मग ओळखीची माणसं. इथे दिवसभर घरात कुणी नसतं. त्यांनी रविवारची दोन तिकिटं काढली होती, एक स्वतःचं आणि एक बाबांचं. परतीचं काढलं नव्हतं. हे सांगताना त्यांचा आवाज डॉक्टरचा राहिला नाही.

तो गुरुवार होता. काकू खोलीत परतल्या तेव्हा मिस्त्री एकटेच टेबलाच्या काठावरून बोटं फिरवत बसले होते.

"पॉलिशबाई, दार लावा," ते हळूच म्हणाले. "माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते तुम्हाला रविवारच्या आत शोधून काढायचंय."

२

काकूंनी दार लावलं आणि खुर्ची ओढून बसल्या. खरं तर त्या टेबलावर चहाच्या वेळीच रागावल्या होत्या, कारण ते त्यांच्या अपरोक्ष पॉलिश केलेलं दिसत होतं. बाबा दवाखान्यात होते तेव्हा जरा हात मारून घेतला, असं सूनबाईंनी सांगितलं होतं. चाळीस वर्षं ज्या टेबलाला दुसऱ्या कुणाचं फडकं लागलं नाही, त्याला कुणीतरी हात मारून घेतला. रागाच्या भरात काकूंनी टेबलाकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मिस्त्रींची तक्रार मात्र मुद्देसूद होती. एक, फळीचा काठ पूर्वीपेक्षा नखभर पातळ झालाय. दोन, काठ वरूनही गोल आहे आणि खालूनही गोल आहे. ते स्वतः काठ फक्त वरून गोल करत, खालून कधीच नाही. आणि तीन, त्यांच्या बसायच्या जागेवर, उजव्या हाताशी, काठापासून वीतभर आत एक खाच होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी बायकोच्या हातून कात्री पडली, तिची. तेव्हा ते दिवसभर बोलले नव्हते. बायको गेल्यापासून रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचं बोट आपोआप त्या खाचेत जायचं.

"आता बोट जातं आणि तिथे काहीच नसतं," ते म्हणाले. "मी लेकाला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, टेबल तेच आहे. सुनेला सांगितलं, ती म्हणाली, तेच आहे. चोवीस तास लाकडात राहणारा पोरगा मला हे सांगतो, तेव्हा मलाच वाटायला लागतं, की ताई म्हणते ते खरं असेल."

मिस्त्रींना घाबरलेलं काकूंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि टेबल पहिल्यापासून बघायला घेतलं.

पाय तेच होते. मागच्या डाव्या पायावर पांढुरका पट्टा होता, झाडाच्या सालीलगतच्या कोवळ्या लाकडाचा. तो रंगवून टाकू या म्हणून काकूंनी तेव्हा हट्ट धरला होता आणि मिस्त्रींनी त्यांना चार शब्द सुनावले होते. पट्टा अजून तिथेच. पण फळी? फळी काळ्या अक्रोडाचीच होती, त्यात शंका नाही. रेषा तशाच वळणदार, जांभळट छटाही तीच. फक्त रंग भलताच गडद होता.

इथे काकूंचं मन अडखळलं. बहुतेक लाकडं वय होईल तशी गडद होत जातात. अक्रोडाचं उलट आहे. तो कापला तेव्हा सगळ्यात सावळा असतो आणि वर्षानुवर्षं उजेड खाऊन उजळत जातो. खिडकीशी चाळीस वर्षं बसलेलं हे टेबल मधाच्या रंगावर आलं होतं, काकूंनी ते दरवर्षी तेल-मेण लावताना पाहिलं होतं. तेलाने लाकूड ओलसर दिसतं, पण त्याचं गेलेलं वय काही परत येत नाही. आणि ही फळी तर नुकतीच जन्मल्यासारखी दिसत होती.

"मिस्त्री," काकू म्हणाल्या, "तुमचे पाय घरात आहेत. डोकंही आहे. पण वरची फळी गेलीय."

३

आता प्रश्न असा, की अक्रोडाची फळी कुणाला हवी असेल? काकूंच्या डोळ्यांसमोर पहिला आला तो गिटारवाला.

हा गृहस्थ दोन गल्ल्या सोडून गिटारी बनवायचा. अक्रोडाच्या पाठीची गिटार उबदार वाजते, असं त्याचं म्हणणं, आणि जितकं जुनं लाकूड तितकं चांगलं. त्याने तीनदा मिस्त्रींकडे ही फळी मागितली होती. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी त्याला विचारलं, तुझ्या घरातलं दार काढून देतोस का मला? तेव्हापासून तो या रस्त्याने जायचा नाही.

काकू शुक्रवारी सकाळी त्याच्या दुकानात जाऊन धडकल्या आणि आपण सहज आल्याचं सोंग आणलं. सोंग त्यांना कधीच जमत नसे. गिटारवाल्याने बिचाऱ्याने स्वतःहूनच सगळ्या फळ्या काढून दाखवल्या. एकही फळी वीतभरापेक्षा रुंद नव्हती, मिस्त्रींच्या टेबलाची तर अखंड दोनच फळ्यांची जोड होती. शिवाय त्याने काकूंना एक गोष्ट ऐकवली. अशी फळी कुणी चोरली, तर ती विकायची कुठे? जो विकत घेईल तो आधी विचारेल, मिस्त्रींना काय झालं? काकूंना ते पटलं. बाहेरचा चोर असता, तर त्याने अक्रोडाच्या जागी अक्रोडच आणून का बसवला असता?

म्हणजे घरातलं कुणीतरी. काकूंना हा विचार कडू लागला, पण गिळावा लागला.

संध्याकाळी त्यांनी सूनबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. सूनबाई एरवी एका प्रश्नाला चार उत्तरं देणाऱ्या, त्या दिवशी मोजून बोलत होत्या. बाबा रविवारी दुपारी दवाखान्यात गेले. त्या आणि त्यांचे यजमान दोघंही तिथेच होते, रात्र तिथेच काढली. सोमवारी सकाळी त्या घरी आल्या, मंगळवारी बाबांना आणलं. टेबल जरा साफ करून घेतलं, बस. एवढं बोलून त्यांनी धुतलेली पातेली परत धुवायला घेतली.

लेक कारखान्यात होता. हल्ली तिथे प्लायवूडची कपाटं आणि स्वयंपाकघरातले कप्पेच व्हायचे; अक्रोडाला कुणी हात लावून वर्षं झाली होती. काकूंनी त्याला सरळच विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, की टेबल तेच आहे. काकूंनी दुसऱ्यांदा विचारलं, तरी तेच शब्द. तिसऱ्यांदा विचारलं, की जसं होतं तसंच आहे का? त्यावर तो पट्टी घेऊन एका कपाटाचं माप घ्यायला लागला, आणि त्या कपाटाचं माप त्याने आधीच घेतलेलं होतं.

ताईंना तर संशयित म्हणायची काकूंना लाज वाटत होती, पण त्यांनाही विचारलं.  ताई म्हणाल्या, की लहानपणी हे टेबल मधासारखं दिसायचं असं त्यांना आठवतं. पण आठवणींवर त्या विश्वास ठेवत नाहीत. बाबांच्याही नाही आणि स्वतःच्याही नाही.

काकू घरी निघाल्या तेव्हा त्यांच्या हातात काहीच नव्हतं. वाटेत घोडीवाल्याच्या फाटकाशी गुरांच्या डॉक्टरची गाडी दिसली. आत घोडी पुढचे दोन्ही पाय ताणून, सगळा भार मागे टाकून उभी होती, आणि घोडीवाला तिच्या मानेला मिठी मारून रडत होता.

४

घोडीवाल्याची ही म्हातारी घोडी बागेत पोरांना फेऱ्या मारायची. अख्ख्या गल्लीतली पोरं तिच्या पाठीवर बसून मोठी झाली होती. ताई आणि त्यांचा भाऊसुद्धा. गेल्या आठवड्यापर्यंत ठणठणीत होती. मग एका सकाळी तिचे खूर तापले आणि ती पाऊल टाकेना. डॉक्टरांनी खाणं तपासलं, पाणी तपासलं, काही सापडेना. सुजेचं औषध चालू होतं, पण उतार पडत नव्हता.

काकूंनी घोडीच्या नाकावर हात फिरवला आणि त्यांची नजर खाली गेली. घोडीच्या अंथरुणाला भुसा आणि रंध्याच्या ढलप्या मिस्त्रींच्याच कारखान्यातून यायच्या, वर्षानुवर्षं, पोतं भरून. पांढऱ्या ढलप्यांमध्ये मूठमूठ गडद तपकिरी ढलप्या मिसळलेल्या होत्या. काकूंनी कशीबशी वाकून एक उचलली, बोटांत चुरडली, नाकाशी नेली.

 त्या घोडीवाल्यावर ओरडल्या, की घोडीला आत्ताच्या आत्ता बाहेर काढ आणि हे सगळं अंथरूण झाडून टाक. डॉक्टर तोंडाकडे बघत राहिले. काकूंनी त्यांच्या हातावर ढलपी ठेवली आणि सांगितलं, की हा काळा अक्रोड आहे. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. माणसाच्या घरात टेबल, खुर्ची, बंदुकीचा दस्ता, काहीही होऊन गुण्यागोविंदाने राहणारं हे लाकूड घोड्याच्या पायाखाली ढलप्यांच्या रूपात आलं, तर एका दिवसात त्याचे पाय सुजवतं.

मिस्त्रींच्या कारखान्यात यासाठी पहिल्या दिवसापासून दोन पोती असायची. एक घोडीचं आणि एक अक्रोडाचं. अक्रोडाचा कण जरी घोडीच्या पोत्यात गेला, तरी मिस्त्री सगळं पोतं फेकून द्यायला लावत. कारखान्यातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ होतं. लेकाने तर चालायला लागल्यापासून ऐकलेलं.

हे पोतं कधी आलं, काकूंनी विचारलं. याच मंगळवारी, घोडीवाला म्हणाला. कुणी आणून दिलं? सूनबाईंनी, शाळेत जाता जाता, रिक्षातून.

काकू फाटकाला टेकून विचार करत राहिल्या. कुणीतरी सोमवारी अक्रोडावर रंधा मारला. ढलप्या लांब, सलग, केसासारख्या पातळ होत्या. असा रंधा मारायला हात तयार लागतो. असा हात गल्लीत दोघांचाच. एक दवाखान्यात डोळ्यांना पट्टी बांधून पडला होता. राहिला दुसरा. पण त्या दुसऱ्याने हे झाडून घोडीच्या पोत्यात कधीच भरलं नसतं. म्हणजे रंधा मारणारं माणूस एक आणि झाडू मारणारं दुसरं, आणि दुसऱ्याला पोत्यांचा नियम ठाऊक नव्हता, कारण ते घरात सून होऊन आलं तोवर कारखान्यात अक्रोड येणं थांबलं होतं.

कोण, ते कळलं. पण काय, ते अजून कळत नव्हतं. फळी चोरणारा माणूस तिला रंधा कशाला मारेल? काठ नखाभर पातळ. काठ वरूनही गोल, खालूनही गोल.

"अगं बाई," काकू घोडीला म्हणाल्या, "फळी गेलीच नाही कुठे."

५

शनिवारी सकाळी ताई वडिलांना कपडे घ्यायला घेऊन गेल्या होत्या; तिकडे थंडी असते, स्वेटर हवेत. लेक आणि सूनबाई कामावर. काकूंनी आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि बॅटरी घेऊन टेबलाखाली शिरायची तयारी केली.

ही तयारी सोपी नव्हती. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून काकू खाली पडलेली वस्तू तिच्या नशिबावर सोडून देत. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग खुर्चीचा पाय धरून हळूहळू पाठ टेकली. उठायचं कसं हा प्रश्न त्यांनी नंतरसाठी ठेवला.

या टेबलाची खालची बाजू मिस्त्रींनी करवतीतून निघाली तशीच खरबरीत ठेवलेली होती. हात फिरवला तर कुसळ घुसायचं, म्हणून कुणी तिथे हात घालत नसे. काकूंनी हात घातला. हात साबणावरून जावा तसा गेला.

मऊ. मेण. चाळीस वर्षांचं मेण, काकूंच्या स्वतःच्या फडक्याने चढलेलं. ते त्यांना डोळे मिटूनही ओळखता आलं असतं. मिस्त्रींच्या जागेखाली त्यांनी उजवीकडे चाचपलं, काहीच नाही. मग त्यांना आपलीच गंमत वाटली. उलटं केलेलं पान डावं-उजवं बदलतं. त्यांनी डावीकडे काठापासून वीतभर आत बोट नेलं आणि ते कात्रीच्या खाचेत अलगद बसलं.

टेबल तेच होतं. लेक खोटं बोलला नव्हता. मिस्त्रीही खोटं बोलले नव्हते. फळी उलटी करून खालची बाजू वर आणली होती, ती रंध्याने गुळगुळीत केली होती आणि नवा काठ गोल केला होता.

पण का? काकूंनी बॅटरी लावली.

फळीच्या मधोमध निळसर काळे डाग होते. ठळक, कोरून काढल्यासारखे, एकाशेजारी एक चार. ओलं लोखंड अक्रोडावर राहिलं की हा डाग पडतो, लाकडातला तुरटपणा आणि लोखंड एक झाले की शाई तयार होते. काकूंनी असे डाग पुष्कळ पाहिले होते, गोल, भांड्यांचे. हे गोल नव्हते. लांबट, एका टोकाला सपाट आणि रुंद. सगळ्यात मोठा एका टोकाला, मग त्याहून लहान, मग त्याहून.

चार पटाश्या, लाकूड तासायची सपाट पात्याची हत्यारं. ओल्या फडक्यावर, मापाच्या क्रमाने मांडलेल्या. या घरात पटाश्या अशा मांडणारं माणूस एकच होतं.

बॅटरी बंद करून काकू तशाच पडून राहिल्या. चोर सापडला होता, आणि आता तो सापडला नसता तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

६

दुपारी लेक जेवायला आला तेव्हा काकू अजून टेबलाखालीच होत्या, कारण त्यांना उठता येत नव्हतं. त्याने हात देऊन उठवलं, आणि उठवता उठवता त्याला कळलं की काकूंना सगळं कळलंय. तो खुर्चीत कोसळला. मागोमाग सूनबाई आल्या, त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि पर्स न ठेवताच रडायला लागल्या.

नजर गेल्यावर मिस्त्रींनी धारदार हत्याराला हात न लावायचं लेकाला कबूल केलं होतं. पण दवाखान्यात जायच्या सकाळी घरात कुणी नसताना त्यांनी पटाश्यांना धार लावली, पाणी टाकून, दगडावर, जेवणाच्या टेबलाशी. मग त्या ओल्या फडक्यावर मांडून ठेवल्या. तेवढ्यात लेक न्यायला आला, त्यांनी घाईघाईने फडक्याचा उरलेला पदर वर ओढला, आणि दवाखान्याच्या गडबडीत विसरून गेले. सोमवारी सूनबाईंनी फडकं उचललं. ताई दुसऱ्या दिवशी येणार होत्या, आणि बाबांना एकटं ठेवावं की नाही हे ठरवणार होत्या.

"त्यांना कळलं असतं, की आईचं टेबल त्यांनीच खराब केलं, तर ते खचले असते," लेक म्हणाला. "आणि ताईला कळलं असतं, तर घेऊनच गेली असती. मी डागाच्या एका कडेला रंधा मारून पाहिला, डाग खोल होता. मग दुसरी बाजू घेतली. पटाश्या जागच्या जागी ठेवल्या. बाबांनीही विषय काढला नाही. मला वाटलं, त्यांना कळणार नाही."

"आणि पोरा, माणूस वेडा ठरेपर्यंत गप्प बसलास?"

त्याने रोज सांगायचं ठरवलं होतं. रोज एक दिवस जास्त झाला आणि सांगणं एक दिवस जास्त अवघड झालं. मला का नाही विचारलंत, असं काकूंनी विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सूनबाई डोळे पुसत म्हणाल्या, की काकू, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. 

त्यांच्यापुढे आता वेगळंच कोडं होतं. गप्प बसलं तर मिस्त्री उद्या गाडीत बसणार, स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास गमावून. बोललं तर डोकं वाचणार, पण त्यांना कळणार की आपल्याच हाताने आपण हे केलं. काकूंना लेकाची दया आली. तोही याच कोड्यात सहा दिवस अडकला होता, फक्त त्याने सोपं उत्तर निवडलं होतं. काकूंनी ठरवलं, की माणसाला त्याचा अपराध दिला तरी चालेल, त्याचं डोकं त्याच्यापासून काढून घेऊ नये.

मिस्त्री आणि ताई स्वेटर घेऊन परतले. काकूंनी सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि एकेक सांगायला घेतलं: रंग, काठ, घोडीच्या पायाखालच्या ढलप्या, रंधा मारणारं एक माणूस आणि झाडणारं दुसरं. मग मिस्त्रींचा डावा हात धरून फळीच्या खाली नेला. बोट खाचेत गेलं. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि बराच वेळ तिथून हात काढला नाही.

"म्हणजे मी बरोबर होतो," ते म्हणाले.

"पूर्ण बरोबर होतात," काकू म्हणाल्या. "आता पुढचं ऐका." आणि त्यांनी पटाश्यांचं सांगितलं, काही न लपवता, चुलत्याने पुतण्याला रागवावं तसं नाही, तर चाळीस वर्षांच्या सोबत्याला सांगावं तसं.

  मिस्त्री ताईंकडे वळले. नजर गेलीय, ते म्हणाले, ते मला मान्य आहे. शब्द देऊन चोरून धार लावली, तेही मान्य. पटाश्या आजपासून लेकाच्या पेटीत, आणि मी एकटा असेन तेव्हा पॉलिशबाई इथे येऊन बसतील, तशाही त्या येतातच. पण बोटं अजून खोटं बोलत नाहीत माझी, एवढं लिहून घे तुझ्या कागदावर.

ताईंनी कागदावर काही लिहिलं नाही. त्या उठून वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाल्या, "बाबा, मी तुम्हाला प्रश्न विचारत बसले. टेबलाला एकदाही हात लावून बघितला नाही. चुकलं माझं." त्या संध्याकाळी त्यांनी दोनपैकी एक तिकीट रद्द केलं. घोडी सकाळपासून चार पावलं टाकायला लागल्याचं घोडीवाल्याने येऊन सांगितलं, तेव्हा सूनबाई त्याच्यासमोरही रडल्या आणि पोत्यांचा नियम त्यांनी त्याच्याकडूनच तीनदा ऐकून घेतला.

राहिला डाग. त्याचं काय करायचं, म्हणून लेकाने काकूंना भीत भीत विचारलं. काकूंनी कपाळाला हात लावला. चिमूटभर ऑक्झॅलिकची पूड कोमट पाण्यात, अर्ध्या तासाचं काम, दोनदा लावलं की अक्रोडावरची ही शाई जाते. पॉलिश करणारं कुठलंही माणूस सांगेल. एवढ्यासाठी तुम्ही अख्खं टेबल उलटं केलंत आणि एक घोडी पाडलीत, असं त्या म्हणाल्या. लेकाने तोंड ओंजळीत लपवलं, आणि मग या घरात सहा दिवसांनी पहिल्यांदा हशा पिकला. उद्या डाग काढतो आणि फळी परत सुलटी करून देतो, असं तो म्हणाला.

मिस्त्री तेव्हा हसत नव्हते. ते दोन्ही तळवे फळीवर पसरून, खिडकीकडून भिंतीकडे, भिंतीकडून खिडकीकडे, शांतपणे फिरवत होते.

"रंधा कुठला वापरलास?" त्यांनी लेकाला विचारलं.

"तुमचाच."

"कुठे ओरखडा नाही. रेषा फिरते तिथे अक्रोड उचकटतो, तिथेही नाही." तळवे थांबले. "सुलटी करू नकोस. डाग काढा खालचा, पण फळी अशीच राहू दे. चाळीस वर्षं माझी बाजू वर होती. आता तुझी असू दे."

 बापाच्या या टेबलाला कोपर लागू न देता लेक जन्मभर डावा हात मांडीवर ठेवून जेवला होता. त्याने खुर्ची जवळ ओढली आणि दोन्ही कोपरं फळीवर टेकून बसला.